कॉम्प्युटर स्वच्छ झाला आहे

४ मार्च, सोमवार. सकाळी ११.
काका-काकूंकडे चार दिवसांसाठी आलो, त्याला आज सात आठवडे झाले. उपकार अंगावर ठेवणारा मी नाही. त्यांचा कॉम्प्युटर साफ करून द्यायचं ठरवलं. काका ऑफिसात, काकू शाळेच्या लायब्ररीत, घर मोकळं. झाकण उघडलं तर आत धुळीची गादी. एखादी मांजर बाळंतीण झाली असती. ब्रश घेतला, हेअर ड्रायर घेतला, सगळ्या वायरी उपटल्या. कुठली कुठे होती ते लिहून ठेवलं नाही. माझी मेमरी फोटोसारखी आहे.

दुपारी १. सगळं परत जोडलं. तीन स्क्रू उरले. कंपन्या जास्तीचे देतात.

दुपारी १.१०. चालू केला. पंखा फिरतो. दिवा लागतो. स्क्रीन काळा, त्यावर ‘नो सिग्नल’ अशी चौकोनी पाटी इकडून तिकडे फिरते. पण पंखा काय शांत फिरतोय! काम नव्वद टक्के यशस्वी.

संध्याकाळी ७. शुक्रवारी सकाळी दहाला काकूची तोंडी परीक्षा आहे. ह्याच कॉम्प्युटरवर. मला माहीत नव्हतं असं नाही, लक्षात नव्हतं. काकू अकरा वर्षं लायब्ररीत मदतनीस आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी बावन्नाव्या वर्षी पुरी करतेय. पास झाली तर जूनपासून ग्रंथपाल, खुर्ची तिची. नापास झाली तर शाळा बाहेरचा माणूस आणणार. परीक्षकांना मोबाईल चालत नाही. मी म्हटलं, काकू, उद्या दुपारपर्यंत चालू करून देतो. काका म्हणाला, कुठल्या उद्या? काकाकडे विनोदबुद्धी आहे, विश्वास नाही.

५ मार्च, मंगळवार.
संकल्प: आज फक्त कॉम्प्युटर. दुसरं काही नाही.
मोबाईलवर एका माणसाचा व्हिडिओ बघितला. रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासायची म्हणे. खोडरबर आणायला निघालो. वाटेत खुर्च्यांनी भरलेला टेम्पो बंद पडला होता. धक्का दिला. ड्रायव्हर म्हणाला, बस पुढे, उतरवायला ये. मोठ्या मनाचा माणूस. हॉलमध्ये दोनशे खुर्च्या मांडल्या. मग त्यातल्या एकीवर बसून गाण्याची तालीम ऐकली. तबलजी डावखुरा होता. डावखुऱ्यांबद्दल पुष्कळ विचार केला.

संध्याकाळी ७.३०. खोडरबर राहिला. काका म्हणाला, दुरुस्तीवाल्याला बोलावतो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरात मी असताना? काकूच्या गळ्याची शपथ घेतली. काकू म्हणाली, माझा गळा परीक्षेला लागणार आहे, स्वतःच्या कशाची तरी घे.

६ मार्च, बुधवार.
सकाळी: खोडरबर आणला, रॅम घासली. चमकली. स्क्रीन काळा.
आतली गोल बटण-बॅटरी काढून पाच मिनिटं थांबायचं असतं. थांबलो. थांबता थांबता ‘नो सिग्नल’ची पाटी बघत बसलो. ती भिंतीला आपटून परत फिरते, पण बरोब्बर कोपऱ्यात कधी जातच नाही. चाळीस मिनिटं बघितलं. एकदा केसभर हुकली! ओरडलो. काकू नोट्स टाकून धावत आली. झालं का सुरू? कोपऱ्याचं सांगितलं. ती परत नोट्सकडे गेली.

दुपारी ४. मोठी प्रगती. चालू करताना स्पीकरमधून ‘टिंग’ वाजतं. म्हणजे डोकं शाबूत आहे, नुसती नजर गेलीये.

७ मार्च, गुरुवार.
काकाने माझ्या पाठीमागे दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो उद्या दुपारी तीनशिवाय मोकळा नाही. परीक्षा दहाला. काकाचं नियोजन हे असं.
काकू आज ओरडली नाही. जेवलीही नाही. काळ्या स्क्रीनसमोर बसून वर्गीकरणाचे आकडे पुटपुटत होती. काकू ओरडत नाही तेव्हा घरातली भांडीसुद्धा हळू वाजतात. मी म्हटलं, मी परीक्षक होतो. पहिला प्रश्न विचारला: पुस्तक चोरीला गेलं तर सूचीत तो चोर कुठे लिहायचा? काकू म्हणाली, ऊठ.

संध्याकाळी ६. चमत्कार! हॉस्टेलवरून माझ्या चुलतबहिणीचा फोन आला, कॉम्प्युटरवरच. रिंग ऐकली, अंदाजाने एंटर दाबलं, आणि आवाज खणखणीत! स्क्रीनवाचून चालतं! बहीण म्हणाली, आई, किती दमलेली दिसतेस. मुली आईला असं बोलतातच. स्क्रीन नाही तिथे कॅमेरा कुठून असणार? साधं शास्त्र आहे.
जाहीर केलं: परीक्षा होणार. काका म्हणाला, तू फक्त कशाला हात लावू नकोस. काकूने दोन घास खाल्ले.

८ मार्च, शुक्रवार. दुपारी १२. (सकाळी लिहायला फुरसत नव्हती.)
पावणेदहा. काकू इस्त्रीच्या कपड्यात. काका दाराशी उभा. माझी एकुलती पँट वाळत होती, म्हणून टॉवेलवर होतो. बघतंय कोण?
दहाला रिंग. एंटर मी दाबलं. हे नोंदवून ठेवतो.
पहिल्या प्रश्नाला काकू अडखळली. मग तिने काळ्या स्क्रीनकडे बघितलं. समोर कोणी दिसत नाही म्हटल्यावर तिची भीती गेली. लायब्ररीत पोरांना दटावते तसा आवाज लागला. धाडधाड उत्तरं! आतून एक म्हातारे सर म्हणाले, छान. मला राहवेना. काकूच्या मागे, आवाज न करता, एक गिरकी घेतली. दुसरं छान, दुसरी गिरकी. चौथ्या छानला ब्रशही हातात घेतला. काका दारातून हातवारे करत होता. मला वाटलं, तोही नाचतोय.
शेवटी सर म्हणाले, बाई, अभिनंदन, तुम्ही उत्तीर्ण आहात. आता एक प्रश्न गुणांबाहेरचा. तुमच्या मागे टॉवेलवर जे गृहस्थ नाचताहेत, त्यांना कुठल्या वर्गात घालाल?
मी एका पायावर होतो.
काकू मागे वळलीसुद्धा नाही. म्हणाली, सर, ते परत करायची मुदत टळलेल्यांत. उद्या सकाळी जमा करतेय.
आतून तिघेही परीक्षक हसले. काका तर खालीच बसला. मग काकू हसली, इतकी हसली की टेबल धरावं लागलं. मीही हसलो. विनोद मला जरा उशिरा कळला.

दुपारी ३.१०. दुरुस्तीवाला आला. मागे बघितलं. स्क्रीनची वायर एका भोकातून काढून खालच्या भोकात घातली. स्क्रीन लख्ख. मला म्हणाला, ही वरची जागा कोणाची आयडिया? मी चहा करायला गेलो.
तीन स्क्रू त्याने परत लावले. कंपन्या जास्तीचे देत नाहीत.

संध्याकाळी. काकू म्हणाली, तुझ्यामुळे तोंडं दिसली नाहीत, नाहीतर मी पहिल्याच प्रश्नाला रडले असते. म्हणजे पास मीच केलं. हे मी काकाला सांगितलं. काकाने माझी बॅग खाली काढून दिली.

९ मार्च, शनिवार. सकाळी ६.१५, बसस्टँड.
काका सोडायला आला. बस सुटेपर्यंत थांबतो म्हणाला. गहिवरलो. तो म्हणाला, प्रेमापोटी नाही, तू गेलास याची खात्री करायचीये.
मावशीला फोन लावला. चार दिवस येतो म्हटलं. ती म्हणाली, ये की. रात्रीच काकूचा फोन आला होता. आमचा कॉम्प्युटर कपाटात ठेवून कुलूप लावलंय.