तिवरांपुढे ‘निरंक’

मंगळवार, १२ ऑगस्ट २००८
कामतघर

आज पुन्हा ‘निरंक’ लिहिलं. सवयीनं. वरून कुठलाही तक्ता आला की आमच्या कचेरीत आधी निरंक लिहायचं, म्हणजे आमच्याकडे काही नाही. पुढची चौकशी टळते. वीस वर्षांच्या कारकुनीत हाताला तेच वळण पडलंय.

आजचा तक्ता दिल्लीहून आलेला, हवामान बदलाच्या आराखड्यासाठी. पुरापासून वाचवणारी नैसर्गिक ठिकाणं तालुक्यात कोणती? जुनी नोंदवही काढली. खाडीकाठची तिवरं, म्हणजे खारफुटी, ‘निरुपयोगी जमीन’ म्हणून लागलेली. अक्षर माझंच. मग काय, निरंक. साहेबांनी न वाचता सही केली.

संध्याकाळी गावाहून काकू आली, तिवरांच्या चिखलातली निवट्यांची मासळी घेऊन. म्हणाली, “गोदामवाल्यांनी आपले बाजूला पन भराव टाकायला घेतलाय. तीन वर्सांमागच्या त्या पुरात तिवरां होती म्हनून पानी घरान न्हाय शिरला. तू कचेरीन हायस ना? लिव की वरती.”

मी मान खाली घालून जेवलो. लिहिलंच आहे की मी! एकदा निरुपयोगी, एकदा निरंक. दिल्लीच्या आराखड्यात आमची खाडी नसेल, आणि भराव टाकणाऱ्याला माझाच कागद कामी येईल.

तक्ता उद्या अकराच्या टपालानं जाणार. त्याआधी परत मागायचा. सही झालेला कागद मागितला तर साहेब भडकणार, विचारणार, “काल झोपेत होतात का?”

हो म्हणेन. वीस वर्षं होतो.