रुखमिणीच्या मापाचा पट्टा

१७ नोव्हेंबर १९८३, गुरुवार. साकोली

टाकी डोक्यात आदळली आणि रुखमिणी वर आली! तीन मिनिटेही झाली नसतील. मी तलावाच्या पाळीवरच उभी होते, सगळे डोळ्यांनी पाहिले.

रुखमिणी माझ्या शिवणवर्गातली. धिवरांची, म्हणजे मासेमारांच्या घरची सून, वय चोविसाच्या आसपास. मशीनवर सरळ टीप मारता येत नाही, पण पाण्यात मासोळी. पावसाळ्यात डोंगा उलटला तेव्हा हिनेच दोघांना केस धरून काठाला आणले. आता बुडणाऱ्यांना वाचवायला आठ जणांचे पथक होणार आहे. पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि थेट तळाशी जायचे. शिकवायला नौदलातले एक निवृत्त साहेब आले आहेत. सात पुरुष निवडून झाले. आठवी जागा रुखमिणीला हवी आहे. इतकी हवी आहे की दोन दिवस धड जेवली नाही.

टाकीचा पट्टा साहेबांसारख्या उंच, रुंद माणसासाठी बेतलेला. रुखमिणीच्या खांद्यांवरून तो घसरतच होता. तिने खाली सूर मारला, तशी टाकी पाठीवरून सरकली ती सरळ डोक्यात! डोळ्यांवरच्या काचेत पाणी शिरले ते वेगळेच.

साहेब म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं. हे बायकांचं काम नाही."

सातही जणांनी माना फिरवल्या. डोमा धिवर तर जमिनीकडे पाहत होता. सगळ्यांत बुटका तो, रुखमिणीपेक्षा बोटभरच उंच.

मला असा राग आला! पोलके अंगाला बसले नाही तर पोलके चुकले म्हणायचे की बाई चुकली? वीस वर्षे शिवते आहे. एकाही गिऱ्हाइकाला म्हटले नाही की बाई, तुमचा खांदा चुकला.

१८ नोव्हेंबर

साहेबांना गाठले. पट्टा मी शिवून आणते म्हटले. साहेब हसले. मग म्हणाले, रविवारी एक संधी देतो, टाकीला मात्र हात लावायचा नाही.

जेवताना ह्यांना सांगितले. "वा! आता मासोळ्याइलेबी पोलकं शिवून दे!" मी भात वाढलाच नाही दुसऱ्यांदा.

१९ नोव्हेंबर

धानाची कापणी सुरू आहे, वर्गाला कोणी नाही. बरेच झाले. दार लावून रुखमिणीचे माप घेतले. छाती, कंबर, खांद्यापासून कंबरेपर्यंत. बाजारातून खाटेची कोरी निवार आणली, चांगली जाड. काचेला आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी लावायची ठरवली. पायात घालायचे ते रबरी बदकाचे पाय सैल होतात, म्हणून आत ह्यांचे लोकरी मोजे. ह्यांना अजून ठाऊक नाही.

पट्टा झाल्यावर त्यावर लाल रेशमाने छान 'रु' काढला. तर हिचे तोंड उतरले.

"हे काहून जी?"

"बाईचा पट्टा आहे म्हणून. कोणी पुरुषाने उचलू नये."

"मंग उसवा. बाईचा म्हून वेगळा दिसला का, एखाद्या दिवशी तोच सापडणार नाई. मंग म्हणतीन, तुवा पट्टा नाई, तू घरी जा."

मी म्हटले, बायकांसाठी वेगळे शिवलेच पाहिजे, लाजायचे काय त्यात? ती म्हणाली, लाजत नाई, भेतो. बरेच वाजले आमचे. मी काही उसवले नाही.

२० नोव्हेंबर, रविवार

लिहायला मन होत नाही. तरी लिहिते. चूक माझी आहे.

सुरुवातीला किती छान! सूर मारला, टाकी जागची हलली नाही. वर बुडबुडे दिसत होते. मी पाळीवर नाचायचीच बाकी होते. मग बुडबुडे भराभरा यायला लागले. रुखमिणी वर आली ती छाती धरून. श्वास घेता येईना! निवार भिजून आवळली होती. गाठ इतकी घट्ट बसलेली की बोटांनी सुटेना. शेवटी डोमाने विळ्याने पट्टा कापला.

वर्गात पहिल्या दिवशी मी काय शिकवते? कापड आधी भिजवा, वाळवा, मगच कात्री लावा. पॉपलीनसाठी पोरींना ओरडते. आणि पाण्यात जायची वस्तू शिवताना मीच निवार न भिजवता शिवली! काय म्हणावे मला.

साहेब ओरडले नाहीत. "सातच जण ठेवतो," एवढेच म्हणाले.

२१ नोव्हेंबर

वर्ग बंद. मशीनवर कापड झाकले.

२३ नोव्हेंबर

रुखमिणीची सासू देवकाबाई आली. दारात तिला पाहून मी मनात म्हटले, आता शिव्या खा, शकुंतले. पण तिने ओट्यावर बसून पदराआडून नायलॉनच्या दोराचे बंडल काढले.

"जाळ्याचा दोर हाय. हा आटत नाई."

मला रडूच आले. म्हटले, तुमची सून मेली असती माझ्या हातून.

"मेली नाई न? मंग. पाण्याची वस्तू होती, पाण्याच्या मानसाले इचाराचं होतं. तुमी घरात कोरड्यात माप घेतलं. पाण्यात श्वास भरला का अंग वेगळं होते जी."

उद्या तलावात उतरून माप घ्यायचे म्हणते. मी! जिने आजवर घोट्याच्या वर पाणी पाहिले नाही!

२४ नोव्हेंबर

उतरले. कमरेपर्यंत. लुगडे फुगून भोवती पसरले, पायाखाली चिखल सरकतो आहे, एका हाताने रुखमिणीचा दंड धरलेला आणि दुसऱ्या हातात टेप. देवकाबाई काठावरून ओरडते आहे, "भर श्वास! अजून भर!" भरल्या श्वासाची छाती दीड इंच जास्त निघाली.

वीस वर्षांत कुणाचे असे माप घेतले नव्हते.

२८ नोव्हेंबर

दोराची चपटी पट्टी देवकाबाईने विणली. जाळे विणतात तशी, हात बघत राहावेत असे. मी अस्तर लावले, सगळे आधी रात्रभर भिजवून! टोकाला रुखमिणीने धिवरांची गाठ मारली. टोक ओढले की एका झटक्यात सुटते. मी दहा वेळा ओढून पाहिली. देवकाबाईने साहेबांकडून गुरुवारची आणखी एक संधी मागून घेतली आहे.

"अक्षर काढू का ग?"

"नोका."

मी सुई ठेवली. पटले म्हणून नाही, घाबरले आहे म्हणून.

१ डिसेंबर, गुरुवार

वीस मिनिटे! पुन्हा एकदा लिहिते, वीस मिनिटे ती तळाशी होती! साहेबांनी टाकलेली पितळी घागर घेऊन वर आली. पाण्यातच उभी राहून टोक ओढले, पट्टा सुटला, आणि हसली. देवकाबाईने तिथल्या तिथे डोळे पुसले. मी तर मोठ्याने रडले.

आणि मग माझ्या जिभेने घात केला. साहेब पट्टा उलटसुलट करून पाहत होते. मी छाती फुगवून म्हटले, "खास बाईसाठी केला आहे, साहेब!"

साहेबांनी तो खाली ठेवला. "पोरगी चांगली आहे. पण पथकाचं सामान सगळ्यांचं मिळून असतं. एका बाईसाठी वेगळी वस्तू मला ठेवता येणार नाही. रविवारी यादी लावतो, पाहू."

रुखमिणी पट्टा उचलून तशीच निघून गेली. भांडली असती तर बरे झाले असते. जे ती पहिल्या पट्ट्याच्या वेळी म्हणाली होती तेच झाले, आणि माझ्याच तोंडून झाले.

३ डिसेंबर

ह्यांनी मोजे सापडत नाहीत म्हणून घर डोक्यावर घेतले. सांगून टाकले. ह्यांनी उघडलेली पेटी मिटली. मग म्हणाले, "राहू दे तिच्यापाशी. थंडी बोचते पाण्यात."

४ डिसेंबर, रविवार

दुपारी दार उघडले तर डोमा. मागे आणखी पाच जण, सगळे पथकातले. डोमा खाली पाहत म्हणाला, "यादी लावाच्या आंधी रुखमिणीनं साहेबाले म्हटलं, एक डाव सर्वाइले इचारा, तुमचा पट्टा कोनाले बसते. मीच पयले सांगतलं, मले नाई बसत. आमी आतून दुपट्ट्यानं टाकी आवळत होतो जी. लाजेपायी बोललो नाई." सातांपैकी सहा हात वर आले! साहेबांनी सहा पट्टे सांगितले आहेत, रुखमिणीच्या पट्ट्यासारखे. यादीत आठवे नाव तिचे.

टेप घेतला आणि सहाही जणांना म्हटले, चला तलावावर. बरे झाले, त्या पट्ट्यावर लाल अक्षर नाही.