चौथ्या पायाचा सांधा

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

मस्तगडात अकरा शटरं, बालवाडीचा झोका, घराचा लोखंडी जिना, बायको नंदाबाईच्या कुलरचा स्टँड — सगळं वेल्डिंग या हातांनी. आयटीआयचं तोंड पाहिलं नाही. आता परसात ट्रॅम्पोलिन. पोरं जंपिंग म्हणतात. दहा फूट गोल, चार पाय, मोटरसायकलच्या स्टँडच्या बहात्तर स्प्रिंगा, मधे दुहेरी ताडपत्री. चाळीस किलोची सात पोती ठेवून पाहिली. फक्त एक वीत दबलं.

काल दसऱ्याची पूजा झाली अन् पहिली उडी लेक तृप्तीच्या शालूनं मारली. नात सहा वर्षांची, वजन वीस किलो. सोमेश्वर बघत होता. बदनापूर रोडला त्याचं शेत आहे, शहरातले लोक तिथं हुरडा खायला येतात. म्हणाला, "मिस्त्री, बिलकुल असेच पाच पाहिजे मला. रक्कम तुम्ही सांगा." सांगितली. त्यानं घासाघीस केली नाही!

५ ऑक्टोबर, रविवार

शालू परसातल्या लिंबाच्या बाजूला उतरली की 'टक' होतं. नंदाबाई म्हणाली, "नवं हाय, स्प्रिंगा कुरकुरून राह्यल्या." स्प्रिंग कुरकुरली की आवाज लांबतो. हा तुटका होता.

संध्याकाळी शालू बदनापूरला तिच्या घरी गेली. बरं वाटलं. नात गेल्यावर बरं वाटलं — हे इथंच लिहितो.

६ ऑक्टोबर

बहात्तर स्प्रिंगा तपासल्या. दोन स्प्रिंगांचे आकडे उघडले होते, बदलले. स्वतः चढून लिंबाच्या बाजूला दाबलं. टक.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लिंबाकडचा पाय म्हणजे चौथा. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी जोडलेला. नवमीला मशीनवर हार चढला की दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून घाई केली. पंधरा दिवसांच्या पावसानं वेल्डिंगच्या रॉडचा पुडा दमट झाला होता. ओल्या रॉडनं सांध्याला चीर जाते, म्हणून वाळवल्याशिवाय चालवायचा नाही, हा माझाच नियम. दुसऱ्यांना शिकवतो. त्या दिवशी वाळवला नाही. कोणाला बोललो नाही.

रंग खरडून सांधा बघू म्हणालो तर नंदाबाई आडवी आली. "पूजेला आठ दिस झाले न्हाईत अन् ग्राइंडर लावता? कुंकू हाय त्याच्यावर."

मी ग्राइंडर ठेवून दिला. तिनं अडवलं म्हणून सुटल्यासारखं झालं. हे वाईट.

११ ऑक्टोबर, शनिवार

पोती बसतात, उडत नाहीत — एवढी साधी गोष्ट!

ताडपत्रीखाली ओल्या मातीत खुंटी रोवली, वरचं टोक ताडपत्रीला टेकलेलं. वीस किलोचं पोतं शिडीवरून, छातीच्या उंचीवरून सोडलं. खुंटी किती आत गेली ते मोजलं. वीतभर. पुन्हा केलं. वीतभर. म्हणजे उडणारी शालू एकटीच सात पोत्यांएवढी. मी सगळ्या गल्लीला "दोनशे ऐंशी किलो पेलतं" म्हणून सांगत फिरलो.



१४ ऑक्टोबर, मंगळवार

शालूचा फोन. "आबा, दिवाळीला मी अन् माझ्या दोन मैत्रिणी येणारोत. तिघी एकदाच उडणार." एकवीस पोती. "मोडलं तर गं?" म्हणालो. हसली. "तुम्ही केलेलं कुठं मोडत असतं का?"

ताडपत्रीवर चादरी वाळत टाकल्या अन् भोवती दोरी बांधली. शेजारचे भारतराव विचारत होते, "मिस्त्री, जंपिंगचं वाळवण केलं का?" हसलो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

नंदाबाई बाजारात गेल्ती. कुंकवाला हात जोडले अन् ग्राइंडर लावला. सांध्याला रॉकेल चोपडलं, फडक्यानं कोरडं पुसलं, वरून खडूची भुकटी. चीर असली की आत मुरलेलं रॉकेल खडूत उमटतं. चहा करून घेतला, पण कप हातातच राहिला.

रेघ उमटली. केसाएवढी, काळी, पायाला अर्धा वेढा घालून. शालू ज्या अंगाला उतरते तिकडूनच.

तिथंच मातीत बसलो. नंदाबाई आली, पिशवी खाली ठेवून तिनंही बघितलं. कुंकवाबद्दल बोलली नाही. "कापून टाका," एवढंच म्हणाली.

१६ ऑक्टोबर

सोमेश्वर आल्ता. रेघ दाखवली, ओल्या रॉडचंही सांगितलं. म्हणाला, "ओला रॉड होता ना? मंग कोरडा मारा. वरून रंग. कोण बघतं? माझे पाच बराबर करा म्हणजे झालं." खरं तर पटलं. दोष रॉडचा, पावसाचा. रात्री आठ दिवसांनी झोप लागली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

कापायच्या आधी बाकीचे तीन पायही खडू लावून पाहिले. दुसऱ्या पायात तशीच रेघ. तो गणपतीआधीचा. रॉड उन्हात वाळवलेला, घाई काहीच नव्हती. म्हणजे दोष रॉडचा नाही, पावसाचाही नाही.

बालवाडीच्या बाईंना झोका बांधून ठेवायला सांगितलं. मग सोमेश्वरला फोन करून नाही म्हणालो. पाच नग, एक लाख पंचाहत्तर हजार.