रुजवात घेणार

आप्पा, तुमचं पेन परवा पुन्हा सुरू झालं. निब रात्रभर कोमट पाण्यात ठेवली, दोनदा झटकली, बाथरूमच्या टाइलवर निळे शिंतोडे उडवून झाले, तेव्हा कुठे स्वारी लिहायला तयार झाली. आता पेन चालतंय तर काहीतरी लिहायला हवं. वीस वर्षं की-बोर्ड बडवल्यावर माझं अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही, हे तुमच्या नजरेतून सुटणार नाही, पण चालवून घ्या. तुमच्या तलाठी दप्तरातली एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. ती सांगायची तर माझ्या नोकरीबद्दलही सांगावं लागेल. "पोरगी कंपनीत दप्तर सांभाळते," असं तुम्ही लोकांना सांगायचात आणि मी चिडायचे. माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन नंतर मला कुणाकडूनच ऐकायला मिळालं नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा रागावलात ते ब्लेडवरून. मी नववीत होते. प्रयोगवहीत एक आकडा चुकला होता आणि मी ब्लेडनं कागद खरवडून तो घालवत बसले होते. पोलादपूरच्या आपल्या त्या दोन खोल्या, आई आत चुलीशी, तुम्ही उमरठच्या बाजूच्या सजातली गावं फिरून नुकतेच आलेले, पायांत अजून चपला. तुम्ही माझ्या हातातून ब्लेड काढून घेतलंत. "खोडायचं नाही. आधी काय होतं तेही दिसलं पाहिजे. कंस कर आणि पुढे नवं लिही." मग दप्तर उघडून एक सातबारा समोर धरलात. बापाच्या नावाला कंस, खाली मुलांची नावं, त्यातल्या एकाला कंस, खाली त्याच्या बायकोचं नाव. एक घर कसं सरकत गेलं ते त्या एका रकान्यात दिसत होतं. मला मात्र तेव्हा एवढंच कळलं, की आप्पा प्रयोगवहीलाही सरकारी कागद समजतात.

मी बारावीची परीक्षा दिली त्या वर्षी सातबाऱ्यांचं पुनर्लेखन निघालं. जुनी पानं कंसांनी भरून गेली की नवी पुस्तकं घालायची, आणि जी नावं चालू आहेत तेवढीच नव्यात उतरवायची. नेमकं तेव्हाच तुम्ही मोटारसायकलवरून घसरलात आणि उजवं मनगट मुडपून बसलात. दप्तराला घरच्यांनी हात लावायचा नाही हा तुमचाच नियम, पण पुस्तकं वेळेत कचेरीत द्यायची होती आणि माझं अक्षर तुमच्यापेक्षा बरं होतं. "कुणाला सांगू नको," असं म्हणत तुम्ही तुमचं हे पेन माझ्या हातात दिलंत. मी उतरवायचे, आणि मग रुजवात. जुनी ओळ वाचायची, नवीवर बोट ठेवायचं, पट्टी खाली सरकवायची. तुम्ही घरी असलात की आपण दोघं मिळून घ्यायचो. नसलात की मी एकटी. संध्याकाळी आल्यावर तुम्ही पायांवर पाणी घेता घेता विचारायचात, "रुजवात झाली?" मी "झाली" म्हणायचे, आणि तुम्ही दुखऱ्या हातानं पानापानावर सही करायचात. मला ते दिवस फार आवडायचे. तुम्ही कुणाच्या शब्दावर सही करणारे नव्हतात, आणि माझ्या शब्दावर करत होतात.

त्याच मे महिन्यात हिरकणीवाडीला गडावर जाणारा नवा रोपवे बघायला जायचं मैत्रिणींचं ठरलं. "पानं पुरी कर आणि जा," एवढंच तुम्ही म्हणालात. मी गेले, पाळण्यात बसून डोळे मिटून घेतले, वर पिठलं-भाकरी खाल्ली आणि आले. पुस्तकं कचेरीत गेली. मंडळ अधिकाऱ्यांनी चाळली, सह्या झाल्या. पेन तुम्ही परत घेतलं नाहीत. "राहू दे तुझ्याकडे. काम चोख केलंस," म्हणालात.

तिसऱ्या वर्षी मी कॉलेजातून सुट्टीला आले होते तेव्हा ती बाई आली. उमरठच्या वरच्या अंगाला तिची वाडी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा मुंबईला, जमीन दिरांबरोबर सामाईक. दिरांनी जमीन विकायला काढली होती आणि उताऱ्यावर हिचं नाव कुठेच नव्हतं. आईनं तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसवलं, मी चहाचा कप पुढे केला. तिनं तो हातात घेतला, पण प्यायली नाही. समोर पसरलेला उतारा दाखवून तुम्हाला म्हणाली, "भाऊसाहेब, माजं नाव नाय हाय यात. मी जित्ती हाय ना?"

तुम्ही चष्मा लावलात, काढलात, पुन्हा लावलात. अक्षर माझं होतं. जुन्या पानावर तिच्या नवऱ्याला कंस होता आणि खाली तिचं नाव स्वच्छ, बिनकंसाचं. मी कंसाबरोबर तीही ओळ सोडली होती. (ते पान उतरवलं त्या दिवशी वळवाचं आभाळ भरून आलं होतं, खोलीत उजेड कमी होता, आणि रुजवात घेताना ती ओळ पट्टीखाली राहिली असणार.) जुनं पुस्तक कचेरीत शाबूत होतं म्हणून बरं. "जुनं जपलंय गो, नाव परत येईल," असं तुम्ही तिला तिच्याच बोलीत सांगितलंत, आणि मग वर्षभर तुमच्या आणि तिच्या महाडला प्रांतांच्या कचेरीत चकरा झाल्या. ती येताना पदरात कधी करवंदं आणायची, कधी नाचणी. तुम्ही घ्यायचा नाहीत, आई मागच्या दारानं घ्यायची. नाव परत लागलं. दिरांना तिची सही घेतल्याशिवाय विकता आलं नाही, आणि तिनं सही दिली नाही.

पण खुलासा तुम्हाला द्यावा लागला. "लेखनप्रमाद माझ्याकडून झाला," असं तुम्ही लिहिलंत. दुसरं काय लिहिणार होतात? मंडळ अधिकारी व्हायची तुमची पाळी आली होती, ती पुढे गेली, आणि पुढे गेली ती गेलीच. तुम्ही तलाठी म्हणून निवृत्त झालात. मला एका शब्दानं विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी काय सांगितलं असतं, याचा विचार मी गाडीत, आंघोळ करताना, मीटिंगमध्ये, सगळीकडे केला आहे.

मग माझी नोकरी. पुण्यातली छोटी कंपनी, आम्ही तिघं-चौघं आणि एक ठेंगणी ऑपरेटिंग सिस्टीम, आमची आम्हीच लिहिलेली. ती एका डब्यात बसायची आणि डबा कारखान्यातल्या टाकीचं तापमान मिनिटामिनिटाला लिहून ठेवायचा. लिहिलेलं कुठे ठेवायचं, कसं शोधायचं, जुनं कधी टाकायचं, हा फाइल सिस्टीमचा भाग माझ्याकडे होता. आमचे पहिले डबे महाडच्या औद्योगिक वसाहतीत लागले, म्हणून मी बिरवाडीत खोली घेऊन राहिले आणि तुम्हाला वाटलं पोरगी घराजवळ आली. मला मात्र डब्यांनी घाम फोडला होता. वीज गेली आणि परत आली, की काही वेळा तासन्‌तासांच्या नोंदी गायब. एका पाळीच्या ऑपरेटरवर आळ आला, की यानंच डबा बंद करून झोप काढली. तो माझ्याच चाळीत राहायचा. जिन्यात मला म्हणाला, "मॅडम, मी हात नाय लावला. मेमो आलाय." मी त्याच दिवशी त्याच्या साहेबांना जाऊन सांगितलं, की चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे. नेमकी कुठे आहे, ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

त्या रविवारी तुम्ही एसटीनं आलात. आईनं दिलेली कडव्या वालांची उसळ, डब्याला फडकं बांधलेलं. तुम्ही एकुलत्या एक खुर्चीवर, मी खाटेवर. ऑपरेटरची हकिगत ऐकून तुम्ही म्हणालात, "स्वतः जाऊन सांगितलंस ते बरं केलंस." विषय बदलायला म्हणून मी तुम्हाला नोंदी साठवणारी चिप समजावून द्यायला लागले. तिच्यावर लिहिता येतं, पण लिहिलेली एक ओळ खोडता येत नाही. खोडायचं तर अख्खं पान कोरं करावं लागतं.

"शहाणी आहे," तुम्ही म्हणालात. "मग नोंद बदलली तर?"

"जुनीला खूण करायची, की ही आता धरायची नाही. नवी पुढे लिहायची."

"कंस."

"हो. आणि पान भरलं की चालू नोंदी नव्या पानावर उतरवायच्या आणि जुनं पुसायचं."

"पुनर्लेखन." तुम्ही उसळीचा रस्सा भाकरीनं निपटत हसलात. "एवढ्यासाठी तुला इंजिनीअर केलं होय? सजात बसवली असती." मग हसू थांबवून म्हणालात, "रुजवात कोण घेतं?"

मी म्हटलं, उतरवणारा प्रोग्रॅमच शेवटी एक खूण करतो, झालं म्हणून. पुसणारा ती खूण बघतो आणि पुसतो.

"असं कसं? नकलेखाली दोन सह्या कशाला असतात? नक्कल करणार वेगळा, रुजवात घेणार वेगळा. ज्यानं उतरवलं त्यालाच विचारलंस तर तो झाली म्हणणारच. वाईट नसतो तो. घाईत असतो."

तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, डब्याचं झाकण लावत होतात. तुम्हाला माहीत होतं का, आप्पा? मी आजतागायत ठरवू शकलेले नाही. तुमचा चेहरा नेहमीसारखाच होता, निवृत्तीनंतर जरा उतरलेला, दाढी एका बाजूला राहिलेली. तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत आपण दोघंच होतो, तुमची परतीची गाडी साडेचारला होती, दीड तास हातात होता. मी तुम्हाला चहा करून दिला आणि स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडीच्या खिडकीतून तुम्ही मला बजावलंत, की जुनं पान घाईनं पुसू नको.

सोमवारी बघितलं तर तेच होतं. "झालं" ही खूण आधी लिहिली जात होती आणि खरी नक्कल मागून. नेमकी त्या दोन्हींच्या मध्ये वीज गेली, की नवं पान अर्धं राहायचं आणि वीज परत आल्यावर पुसणारा खुणेवर विश्वास ठेवून जुनं साफ करायचा. मी एक तिसरा तुकडा लिहिला. त्याचं काम एकच. खुणेकडे बघायचं नाही, नवं पान चिपवरून पुन्हा वाचायचं, जुन्याशी ओळीला ओळ लावायची, आणि जुळलं तरच पुसायला सांगायचं. मध्येच वीज गेली तर जुनं पान आहेच, पहिल्यापासून सुरू करायचं. तुकड्याला नाव दिलं रुजवात. मग कारखान्यात बसून दिवसभर डब्यांची वीज घालवली, आणली, घालवली. एक नोंद हरवली नाही. ऑपरेटरचा मेमो मागे घेतला गेला, त्यानं चाळभर पेढे वाटले. कंपनीत नवे येणारे मात्र अजून विचारतात, "मॅडम, रुजवात तुमच्या मुलीचं नाव का?" मी हो म्हणते. समजावत बसायला वेळ नसतो.

तुम्ही त्यानंतर दोन वर्षांनी गेलात. उमरठच्या बाजूनं माणसं आली होती, त्यात ती बाईही होती. तिनं तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मला जवळ घेऊन म्हणाली, "माजं नाव त्यांनी परत आणलं गो." मी मान हलवली.

हे पत्र लिहून झालं तशी मी जुन्या सवयीनं रुजवातीला बसले. पट्टी घेतली, पहिल्या ओळीपासून सरकवत आले आणि एका वाक्याशी थांबले. वर त्याला कंस केलेला दिसेल. खोडलं नाही, आधी काय लिहिलं होतं तेही दिसलं पाहिजे. त्या दिवशी आभाळ भरलेलं नव्हतं, आप्पा. ऊन लख्ख होतं. खाली जीप येऊन थांबली होती, मैत्रिणी हाका मारत होत्या आणि माझी रुजवातीची सहा पानं राहिली होती. मी पट्टी वहीत ठेवली आणि गेले. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "रुजवात झाली?" मी झाली म्हटलं.

खाली दोन ओळी आखल्या आहेत. नक्कल करणार, तिथे माझी सही केली. रुजवात घेणार, तिथे तुमची लागते. ती जागा कोरी ठेवून पत्र तुमच्या दप्तराच्या फडक्यात बांधते आहे.