आधी बूट

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही. परवा नाटकाच्या तालमीत शाळेतली एक मैत्रीण म्हणाली, "आज सर असते ना, तर किती प्राउड झाले असते!" माझं डोकंच फिरलं. तुम्ही असतात तर राणीची ही भूमिका मला करूच दिली नसतीत.

लंडनची रंगभूमी, सिनेमे, टीव्हीच्या मालिका, सगळं करून झाल्यावर तुम्ही दुबईत आमच्या शाळेत नाटक शिकवायला आलात. अल बर्शातल्या तुमच्या घरी आम्हा मुलांसमोर फोटोंचा अल्बम उघडायचात. एका फोटोत न्यायाधीश, दुसऱ्यात दारुडा, मग पाद्री, मग खुनी. नाक तेच, पण माणूस दर वेळी निराळा. मी वेडी झाले होते त्या अल्बमपायी. एका पानावर फेटा बांधलेला सावळा हिंदुस्थानी मुनीम होता. मी विचारलं, "हू इज दिस, सर?" तुम्ही हसलात. "मीच की! गोऱ्या गालांवर थोडा रंग फासला, झालं. नट कुणीही होऊ शकतो."

आणि त्याच आठवड्यात भूमिका वाटल्यात. राणीचे सगळे संवाद मला पाठ होते. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "डिअर, तुला राणी म्हणून कोण खरं मानेल? तू दाई कर." म्हणजे कुणीही होऊ शकतो, फक्त माझ्यासारखी सावळी मुलगी सोडून! घरी येऊन रडले, तर बाबा म्हणाले, "अगं, एवढे मोठे ॲक्टर आहेत ते. त्यांना जास्त कळतं. खलास, विषय संपला, ॲडजस्ट कर ना." मी दाई केली. टाळ्याही मिळाल्या. त्या टाळ्या मला अजून बोचतात.

तुमची पद्धत एकच, संवाद नंतर, आधी बूट. ज्याची भूमिका त्याचे बूट घालून नुसतं चालत राहायचं, तोंड उघडायचं नाही. त्या दाईच्या बुटांसाठी तुम्ही मला आणि बाबांना रास अल खोरला जुन्या मालाच्या गोदामात नेलंत. गोदामवाला ओरडतोय, "यल्ला साब, जल्दी करो," आणि तुम्ही घामाघूम होऊन जमिनीवर बसलाय, माझ्या पायात एकेक जोड घालून बघताय. एका दाईसाठी इतकी मेहनत! एकदा मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे तसंच बघितलं असतंत तर?

आता मी राणी करतेय, इंग्लिशमध्ये, इथल्याच एका छोट्या थिएटरात. तुमचं काहीही वापरायचं नाही, असं ठरवलं होतं. बूट तर नाहीच नाही. पण प्रयोग तोंडावर आला तरी राणी अंगात येईना. दिग्दर्शिकेने मला सूचना देणंही सोडून दिलं. शेवटी काल कुणाला न सांगता रास अल खोर गाठलं. काळे, जड, टाचांचे बूट घातले आणि तिथेच धुळीत चालून पाहिलं. पाठ आपोआप ताठ झाली. समोरून खोकं घेऊन येणारा गोदामवाला बाजूला झाला, त्याने वाट दिली.

तुमचा पत्ता असता तरी हे पत्र टाकलं नसतं. तुमची पद्धत बरोबर होती हे कळण्याचं सुख मला तुम्हाला द्यायचं नाही. पण हे लिहितानाही ते बूट माझ्या पायात आहेत, सर.