मुकुंदराव बोलले त्या दिवसाची हकीकत

तीर्थरूप इंदुआत्यास,
अवंतिकाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांनी साखर सोडली की फक्त तुझ्यासमोर सोडली? इकडे सगळे ठीक, म्हणजे मी सोडून.

आमच्या सिटी सेंटरच्या टाइल्सच्या शोरूमचे मालक दिग्विजयसिंह तुला माहीतच आहेत. (दिवाळीला तुझ्याशी किती गोड बोलले होते! तू गिऱ्हाईक होतीस.) गेल्या आठवड्यात त्यांनी आमच्या दुकानातल्या विनिताला फोनवरून टाइलचा नंबर चुकीचा सांगितला, तिने तोच लिहिला आणि गिऱ्हाइकाच्या घरी स्वयंपाकघराला जांभळ्या टाइल्स पोहोचल्या. गिऱ्हाईक तणतणत आलं. त्याच्यासमोर साहेबांनी कॅटलॉग विनिताच्या पायाशी फेकला आणि ओरडले, "दिमाग घर पे रखकर आती हो क्या?" बिचारी नवी मुलगी, "सॉरी सर" म्हणत रडायलाच लागली.

आता आमच्याच दुकानातला सूर्याजी. त्याचे पणजोबा घोडदळात होते, हे चहाच्या टपरीवर तो रोज बाह्या सरसावून सांगतो. एक दिवस साहेबांना दाखवतोच, असंही. तर त्या दिवशी तो पुढे झाला, वाकला, कॅटलॉग उचलला आणि (आत्या, माझा संताप बघ!) स्वतःच्या रुमालाने पुसून साहेबांच्या हातात दिला. मी काय केलं? मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते. मग उघडत होते. मग परत लावत होते.

बोलले कोण, तर मुकुंदराव. दुकानातल्या बावीस वर्षांत "जी सर" शिवाय ज्यांचा आवाज भिंतींनीही ऐकला नाही, ते चष्मा काढून म्हणाले, "सर, नंबर आपने ही बताया था. फोन के वक्त मैं आपके पास ही बैठा था. बिटिया से माफी माँगिए."

साहेब लाल झाले आणि म्हणाले, "कल से मत आना." मुकुंदरावांनी विनिताची पावती बरोबर करून दिली, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, डबा घेतला आणि गेले. आम्ही तिघं नुसते बघत राहिलो. रात्रभर मला स्वतःचीच चीड येत होती. दुसऱ्या दिवशी सूर्याजी म्हणतो, निषेध म्हणून काळी फीत लावू या, पण शर्टाच्या आतून. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

बाकी काय लिहू? आतोबांना नमस्कार.

तुझी,
अवंतिका

ता. क. मुकुंदरावांची काळजी नको. जांभळ्या टाइल्सवाल्या गिऱ्हाइकाने सगळं पाहिलं होतं. त्याने स्वतःच्या हार्डवेअरच्या दुकानात मुकुंदरावांना कामाला बोलावून घेतलं.

आणखी ता. क. काळजी माझी कर. फितीचं ऐकून मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि माफी मागा म्हणाले. हळूच म्हणाले, पण विनिता म्हणते, पार सराफा बाजारापर्यंत ऐकू गेलं असेल. माफी मिळाली नाही, सुट्टी मिळाली. कायमची.

शेवटचं आणि खरं ता. क. आईला अजून सांगितलेलं नाही. ती फक्त तुझंच ऐकते, तेव्हा पत्र मिळताच तिला फोन कर. मी चार दिवस डबा घेऊन घरातून निघते आणि फूलबागेत बसते. अकरालाच डबा संपतो, आणि घरी सहाच्या आत जाता येत नाही.