साहेबांनी परत केलेल्या खुर्च्या

पुइ-लिनताई,

मी विद्यापीठात नोकरीला लागले त्या दिवशी तू म्हणाली होतीस, ‘चढताना सारखं खाली काय बघतेस, जिना कुठे पळून जात नाही.’ ताई, जिना गेला. जपान्यांच्या काळात लोकांनी तो सरपणासाठी उचकटून नेला. दारं, खिडक्या, बाकं, सगळंच गेलं. पण आधी तुझी विचारपूस. गुडघा कसा आहे? मकावची दमट हवा मानवते का? दुकानात बिस्किटांना गिऱ्हाईक आहे ना? (नसलं तरी तू कळवणार नाहीस.) परत येऊन गणित शिकवशील का, असं मी मागच्या पत्रात विचारलं होतं, त्यावर तू बिस्किटांचा डबा पाठवलास. बिस्किटं छान होती. तो विषय मी आज काढणार नाही.

सोमवारी विद्यापीठ उघडतंय. सभागृहाला छप्पर नाही. दुपारी मी मधोमध जाऊन उभी राहते. वर घारी फिरत असतात, आणि एखाद्या ढगाची सावली व्यासपीठावरून हळूच चालत जाते, उशिरा आलेल्या प्राध्यापकासारखी. फरशी फोडून पपईचं झाड उगवलंय. ते तोडावं असं अजून कुणाला वाटलेलं नाही. कधी कधी मुलींची कुजबुज ऐकू येते. वारा असतो. ते कळल्यावरही मी जरा वेळ तिथेच रेंगाळते.

तर, हॅर्गेटसाहेबांनी (नवे रजिस्ट्रार, स्वभावाने गरीब, कान कायम लाल) फाटकावर पाटी लावली, की विद्यापीठाचं सामान आणून द्या, कुणाला काही विचारणार नाही. लगेच टोफूवाली फोकमावशी चार खुर्च्या घेऊन आली, आणि रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून पिशवीभर संत्री. साहेबांनी आभार मानून संत्री ठेवून घेतली. सगळी. म्हातारी बाहेर येऊन मला म्हणाली, ‘अगं, एकसुद्धा परत दिलं नाही मेल्यानं. हा शिकवणार होय पोरांना?’ दुसऱ्या दिवसापासून टेकडी चढून कुणी येईना.

मग मी साहेबांना समजावलं, की आणलेलं सगळं ठेवून घेणं आपल्याकडे हावरटपणा समजतात. थोडं परत द्यायचं, म्हणजे आणणाऱ्याच्या घरची बरकत जात नाही. त्यांनी अगदी मन लावून ऐकलं, फोकमावशीला बोलावणं धाडलं आणि चारातल्या दोन खुर्च्या तिला परत केल्या. (संत्री खाऊन झाली होती.) गावभर बातमी पसरली. आता रांग लागते. लोक सहा बाकं आणतात, तीन घेऊन जातात आणि साहेबांना वाकून नमस्कार करतात. जे आमचं कधीच नव्हतं तेही येतंय. गणिताच्या वर्गात न्हाव्याची खुर्ची आहे, ती फिरते. एकाने परवा एकच दार आणलं, तर साहेब करवत शोधायला लागले. मी मध्ये पडले, तेव्हा म्हणतात, ‘पण मिस लौ, रीत ती रीत.’

तुझी धाकटी,
सुक-हान

ता. क. काढतेच तो विषय. भावोजी त्या टेकडीवरून लढायला उतरले ते परत आले नाहीत; तू तिथे पुन्हा का चढणार नाहीस ते मला कळतं. पण युद्धाआधी तुझ्या वर्गात होत्या त्यातल्या काही मुली परत आल्या आहेत. बाई कधी येणार, असं रोज विचारतात. मी ‘बघू’ म्हणायची. काल तोंडातून ‘येतील’ निघून गेलं. तेव्हापासून त्या खिडक्या नसलेला वर्ग झाडताहेत.

आणखी एक. शिकवायला नको येऊस. सोमवारी सकाळच्या बोटीने ये, मुलींना तुझ्या तोंडाने ‘नाही’ सांग आणि परत जा. माझ्याच्याने ते सांगवत नाही. हेही तू करणार नाहीस, ठाऊक आहे मला. तरी ये.